गिऱ्हाइकांची वही कोणाच्या कपाटात?

पूर्वीच्या दुकानदाराकडे दोन वह्या असत. एक गादीजवळची, लाल कापडी बांधणीची. तिच्यात कोणाकडे किती येणे ते लिहिलेले. दुसरी त्याच्या डोक्यात. कोणाला उसाचे बिल हाती आल्याशिवाय उधारीची आठवण करायची नाही, कोणाच्या घरी लग्न ठरले आहे, कोणाचा मुलगा बापाच्या नावावर माल नेतो आणि बापाला त्याचा पत्ताही नसतो, हे सगळे त्या दुसऱ्या वहीत. दुकान खरे चालायचे ते तिच्यावर. हल्लीच्या व्यापारी भाषेत या वहीला ‘कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट’, थोडक्यात सीआरएम, असे भारदस्त नाव मिळाले आहे. नावाने दबून जायचे कारण नाही. गिऱ्हाईक कोण, त्याने काय घेतले, कशाबद्दल तक्रार केली आणि त्याला पुन्हा कधी फोन करायचा, एवढे हे सॉफ्टवेअर लक्षात ठेवते.

माझी भाची कोल्हापुरात सोलर हीटर बसवून देण्याचा आणि त्यांच्या देखभालीचा व्यवसाय करते. चार कारागीर, कचेरीत एक मुलगी आणि बारा वर्षांत जोडलेली दीड हजार गिऱ्हाइके. तिची ही वही भाड्याची होती. एका कंपनीच्या संगणकावर माहिती साठवायची आणि दर माणशी दरमहा पैसे मोजायचे. भाडे दोनदा वाढले, तेव्हा तिने ती सोडायचे ठरवले. माहिती परत मिळाली, पण नावे, पत्ते आणि फोन नंबर एवढीच. कोणाच्या बोअरचे पाणी जड आहे आणि नळ्यांत क्षार साचतो, कोणाची टाकी कोणत्या साली बदलली, कोणाला दुपारी फोन करायचा नाही, या बारा वर्षांच्या नोंदी आल्याच नाहीत. “मामा, वही माझी, अक्षर माझे, आणि मागायला गेले तर फक्त पुठ्ठा हातात दिला,” ती म्हणाली.

मी बँकेत नोकरीला लागलो तेव्हा शाखेत जाडजूड लेजरे होती. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा दिला आणि पुढे शाखाशाखांतून लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. त्यांतल्या अनेकांवर युनिक्स ही प्रणाली चाले. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी रेघ. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. तो युनिक्सचा रक्ताचा वारस नव्हे, पण वळण त्याच घराण्याचे. त्यामुळे भाचीच्या कचेरीत एका तरुण अभियंत्याने सर्व्हर उघडला आणि तोच काळा पडदा समोर आला, तेव्हा मला परके वाटले नाही.

निवडलेले सॉफ्टवेअर होते सूटसीआरएम. त्याची कुळकथा सांगण्याजोगी आहे. २००४ साली अमेरिकेत शुगरसीआरएम निघाले. त्याची एक आवृत्ती मुक्त होती. म्हणजे मूळ संहिता कोणीही पाहावी, वापरावी, बदलावी. पुढे कंपनीने मुक्त आवृत्तीवरचा हात काढून घेतला. पण एकदा मुक्त परवान्याने दिलेली संहिता परत घेता येत नाही. स्कॉटलंडच्या सेल्सॲजिलिटी कंपनीने तीच उचलली आणि २०१३ साली सूटसीआरएम या नावाने पुढे चालवली. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचेही असे मुक्त सीआरएम आहे, आणि मला स्वदेशीचा मोह होताच. पण आमच्या अभियंत्याला पीएचपी ही भाषा येत होती, आणि सूटसीआरएम त्या भाषेत आहे. दुरुस्ती ज्याला येते तेच यंत्र घ्यावे.

सर्व्हर कचेरीतच ठेवू, असे भाचीचे म्हणणे होते. पण २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी शहरात शिरलेले आम्ही सर्वांनी पाहिले होते. म्हणून मुंबईतल्या डेटा सेंटरमधला एक सर्व्हर भाड्याने घेतला. मग हेही भाडेच की, असे कोणी म्हणेल. आहेच. पण इथे खोली भाड्याची, कुलूप आपले आणि सामानही आपले. मालकाशी पटले नाही तर सगळे उचलून दुसरीकडे जाता येते.

मांडणी अशी. तळाशी लिनक्स. त्यावर अपाची, म्हणजे दारावरचा माणूस. आलेल्याचे ऐकून घेतो आणि हवे ते आणून देतो. आत मारियाडीबी, हे माहितीचे कोठार. मायएसक्यूएल हे जुने कोठार बांधणाऱ्या मायकेल विडेनियस यांनी त्याला थोरल्या मुलीचे, माय हिचे, नाव दिले होते. त्याचीच वेगळी शाखा काढली तेव्हा तिला धाकट्या मारियाचे नाव दिले. घरोघरच्या थोरल्या-धाकट्यांची नावे दुकानांच्या पाट्यांवर वाचत आपण वाढलो, तेव्हा यात नवल ते काय! कोठार तयार करतानाच अक्षरसंच युनिकोडचा ठेवावा लागतो. नाहीतर ‘ज्ञानेश्वर’ टाइप केले की प्रश्नचिन्हांची रांग उगवते. कोठाराला एक वेगळा वापरकर्ता दिला, त्याला फक्त याच वहीपुरते अधिकार. बँकेत नव्या कारकुनाला सगळ्या खात्यांवर सही करू देत नाहीत, तसेच.

इतके होईपर्यंत दुपार झाली. मग सूटसीआरएमच्या फायली जागेवर ठेवल्या आणि ब्राउझरमधून मांडणीचे पान उघडले, तर काही फोल्डरांत लिहिण्याची परवानगी नाही, असा लाल शेरा आला. अभियंत्याने सहजपणे तीन साते टाइप केली. मी विचारले, “हे काय?” तो म्हणाला, “काका, सगळ्यांना सगळी परवानगी. तात्पुरती.” लिनक्समध्ये प्रत्येक फायलीचा मालक ठरलेला असतो, आणि मालक, त्याचा गट व इतर अशा तिघांना वाचणे, लिहिणे, चालवणे यांचे वेगवेगळे हक्क देता येतात. तीन साते म्हणजे तिघांनाही सारे मोकळे. चहा पिऊन येईपर्यंत स्ट्राँगरूम उघडी ठेवण्याचाच हा प्रकार, आणि ‘तात्पुरते’ हा शब्द मी बँकेत पुष्कळ ऐकला आहे. मुलगा समजूतदार निघाला. फायलींची मालकी अपाचीच्या खात्याकडे देऊन त्याने साते पुसली. शेरा गेला.

पुढचे काम भराभर झाले. जाण्यायेण्याच्या मार्गावर सांकेतिक कुलूप हवे. त्याचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते, मात्र त्याची मुदत थोडी असल्याने नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था करावी लागते. पहिले दोन दिवस आठवणीची ईमेल गेलीच नाहीत. सर्व्हरच्या वेळापत्रकात दर मिनिटाला प्रलंबित कामे पाहण्याची ओळ घालायची राहिली होती.

मी अडून बसलो ते दोन गोष्टींसाठी. पहिली, संपूर्ण यादी उतरवून घेण्याचा अधिकार भाचीखेरीज कोणालाही नको. कारागिराने आपल्या वाट्याची कामे पाहावीत, दीड हजार नंबर खिशात घेऊन जाऊ नयेत. लोकांनी आपला पत्ता हीटर दुरुस्त व्हावा म्हणून दिलेला असतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही ती सांभाळण्याची जबाबदारी व्यावसायिकावर टाकली आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटले असते. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत. बँकेच्या तिजोरीला दोघांच्या दोन किल्ल्या लागतात आणि किल्ल्यांचा जादा जोड दुसऱ्या शाखेत ठेवतात. तसे रोज रात्री कोठाराची आणि कागदपत्रांच्या फोल्डराची नक्कल होते, आणि दर रविवारी तिची एक प्रत हार्ड डिस्कवर माझ्या घरी येते. नक्कल नुसती असून भागत नाही. महिन्यातून एकदा आम्ही ती रिकाम्या सर्व्हरवर उतरवून वही उघडते का ते पाहतो. “मामा, तुम्ही अजून बँकेतच आहात,” भाची म्हणते आणि रजिस्टरवर सही करते.

सॉफ्टवेअरला एक पैसाही पडला नाही. सर्व्हरचे भाडे पूर्वीच्या भाड्याहून बरेच कमी आहे. पण सुधारित आवृत्त्या वेळच्या वेळी चढवायला, दारावर कोण खडखडाट करते ते पाहायला माणूस लागतो, आणि त्या अभियंत्याला आता दरमहा मेहनताना जातो. फुकट म्हणून ज्यांना याची भुरळ पडते, त्यांनी हा खर्च आधी मांडावा. ज्याच्याकडे असा माणूस नाही, त्याने खुशाल भाड्याची वही वापरावी. मात्र सोडताना काय काय परत मिळेल, ते पहिल्याच दिवशी लेखी घ्यावे.

हरवलेल्या नोंदी मात्र कोणत्याच आज्ञेने परत येणार नव्हत्या. कचेरीतली मुलगी रोज तीस-चाळीस गिऱ्हाइकांना फोन करते. पाणी कसे आहे, टाकी केव्हा बदलली, फोन कधी करावा, असे विचारून एकेक ओळ भरते. सहाशे झाली, नऊशे राहिली आहेत. परवा राजारामपुरीतल्या एका आजींना तिने टाकीचे साल विचारले, तर त्या म्हणाल्या, “अगं, मला कुठलं आठवतंय? तुमच्या वहीत असेल की, बघ.”