मोर्चा आणि सम्यक स्मृती

पोलिसी अत्याचाराविरुद्ध मोर्चा निघतो तेव्हा आपल्या वस्त्यांतून माणसे दिवसाची मजुरी बुडवून येतात. घोषणा होतात, निवेदन दिले जाते आणि सायंकाळी सारे घरी परततात. आम्हीही अशा मोर्च्यांतून चाललो आहोत, आणि मोर्चा निरर्थक असतो असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. परंतु अन्यायाचे प्रकरण टिकते की विरते, हे बहुधा दुसऱ्या दिवसापासून ठरते.

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचे उदाहरण घ्यावे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी तेथील बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे उघडकीस आले. संतप्त रहिवासी पूर्व द्रुतगती महामार्गावर जमले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला व १० जण मृत्युमुखी पडले. जमाव गॅसचे टँकर पेटविणार होता, असा पोलिसांचा बचाव होता. हा बचाव वरवर पाहता मोठा सोयीचा होता, कारण टँकरचा स्फोट म्हटले की कोणाचीही सहानुभूती बदलते. मग प्रश्न अगदी साधे उरले : टँकर नेमका कोठे उभा होता? जमाव कोठे होता? गोळ्या वस्तीच्या गल्लीपर्यंत कशा पोहोचल्या? न्या. गुंडेवार आयोगापुढे रहिवाशांनी साक्षी दिल्या. आयोगाने टँकरची कथा स्वीकारली नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरविला. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकास सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली ती २००९ साली, म्हणजे जवळजवळ १२ वर्षांनी; पुढे उच्च न्यायालयातून त्यास जामीनही मिळाला. इतकी वर्षे घोषणांच्या बळावर कोणी तग धरू शकत नाही. त्यासाठी पाहिलेले नीट आठवावे लागते आणि उलटतपासणीत तेच पुन्हा सांगावे लागते.

पालीतील 'सति' या शब्दात स्मरण आणि सावधपणा असे दोन्ही अर्थ आहेत. सम्यक स्मृती म्हणजे डोळे मिटून बसणे, असा आपल्यातील कित्येकांचा समज असतो. तो अपुरा आहे. सतिपट्ठान सुत्तात चालताना, उभे असताना, बसताना जागृत राहण्यास सांगितले आहे, आणि वेदना उत्पन्न झाली तर ती ओळखण्यासही. मोर्च्यात लाठी उगारली गेली की मनात क्रोध उसळतो. तो उसळला आहे हे ज्याला त्याच क्षणी कळते, त्याचा हात दगडाकडे सहसा जात नाही; शिवाय समोरच्या शिपायाची नामपट्टी, वेळ आणि जागा त्याच्या ध्यानात राहते. हे शेवटचे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

पण पोलीस ठाण्याशी आपला संबंध मोर्च्यापेक्षा एरवीच जास्त येतो. एखाद्या पोराला रात्री उचलून नेतात आणि आई दाराबाहेर बसून राहते. १९९६ सालच्या डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेले नियम तिला कोणी सांगितलेले नसतात. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी. अटकेचा मेमो तयार करून त्यावर नातेवाइकाची वा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष हवी. अटकेची वेळ व स्थान कळविले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही यांतील मुख्य तरतुदी आहेत. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची सक्ती तर संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदातच आहे, आणि त्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते हे आपल्या वाचकांस सांगावयास नको.

म्हणून रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक वही उघडावी असे आम्ही सुचवितो. वस्तीतील कोणास ठाण्यात नेले, किती वाजता, मेमोवर सही कोणाची, वैद्यकीय तपासणी झाली काय, न्यायालयाची पुढील तारीख कोणती आणि त्या दिवशी आईसोबत कोण जाणार.