हात लावण्यापूर्वी
(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे वार्षिकासाठी लेख मागितला तेव्हा काय लिहावे हे कळेना. शेवटी सर म्हणाले, "तुला स्वतः करून जे ठाऊक आहे ते लिही." म्हणून हा लेख आमच्या कुत्रीवर आहे. वाचकांनी हसू नये.

आमचे गाव जत तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेलगत. या भागात कारवानी कुत्री पाळतात. लांब पाय, खोल छाती, आत गेलेले पोट आणि निमुळते तोंड. सारे शरीर पळण्यासाठीच घडलेले. यांनाच मुधोळ हाउंड असेही म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने चार भारतीय जातींच्या कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचेही होते. ही जात धन्याशी इमानी. पण परक्याचा हात अंगाला लागलेला तिला सहसा खपत नाही. राखणीच्या कामी हा गुणच. प्रदर्शनात मात्र तोच आडवा येतो.

कारण प्रदर्शनात कुत्रे नुसते लांबून पाहत नाहीत. परीक्षक जवळ येतो, ओठ वर करून दातांची ठेवण पाहतो, खांदे, पाठ व मांड्या हाताने चाचपतो आणि मग चाल पाहतो. तेवढा वेळ कुत्र्याने शांत उभे राहावयाचे असते.

माझ्या चुलत्यांची, म्हणजे तात्यांची, बिजली दहा महिन्यांची असताना आम्ही तिला अशा एका प्रदर्शनात नेले. परीक्षकांनी हात पुढे करताच ती जमिनीला चिकटली आणि तिथेच मुतली. भोवतालची माणसे हसली. परीक्षक म्हणाले, "अंगाने चांगली आहे, पण हात लावू देत नाही." घरी आल्यावर तात्यांनी ठरवले की तिला देऊन टाकायचे. मी सहा महिन्यांची मुदत मागून घेतली.

पहिली चूक माझीच झाली. भीती मोडायची म्हणून मी तिला दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरले आणि जबडा उघडला. ती लटपटत गप्प राहिली. मला वाटले, जमले. पुढे दोन दिवस ती माझ्या हातची भाकरीही घेईना. गप्प राहणे आणि भीती जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा कळले.

त्याच सुमारास मानसशास्त्राच्या तासाला पीटरची हकीकत ऐकली. मेरी कव्हर जोन्स यांनी ती १९२४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केली. पीटर हा तीन वर्षांच्या आतला मुलगा सशाला घाबरे. तो आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवीत व त्याला सोसेल तितकाच जवळ आणीत. शेवटी पीटर सशाला स्वतः कुरवाळू लागला. मी मनात म्हटले, आमच्या बिजलीचा ससा म्हणजे माणसाचा हात!

ती अशी का झाली, याचेही उत्तर मिळाले. पिल्लू तीन आठवड्यांपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांचे होईपर्यंत जे पाहते, हुंगते, ते त्याला पुढे आपले वाटते. बिजलीचा तो सगळा काळ रानातल्या गोठ्यात गेला. तिने तात्यांशिवाय माणूस पाहिला नव्हता. ते दिवस परत येत नाहीत. पण सावकाश घेतले तर पुढेही पुष्कळ सुधारणा होते.

मग आम्ही पुढीलप्रमाणे सुरुवात केली. रोज दोनच मिनिटे, अंगणात, दोरी न बांधता. आधी स्पर्श, लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. हा क्रम उलटा करू नये. खाऊ आधी दाखवला तर कुत्रे खाऊसाठी जवळ येते आणि वर हात लागला की फसल्यासारखे होते. वरून वाकून डोक्यावर हात ठेवू नये. बाजूला बसून छातीला किंवा हनुवटीखाली लावावा. खांद्यापासून पाठ, पाठीपासून पाय, आणि तोंड सर्वांत शेवटी. ओठ प्रथम क्षणभरच उचलावा.

यात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिचे ऐकणे. कुत्रे गुरगुरण्याआधी बरेच काही सांगते. ते तोंड फिरवते, खाणे समोर नसता ओठ चाटते, झोप नसता जांभई देते, अंग ताठ करते, डोळ्याचा पांढरा भाग दाखवते. असे दिसताच हात काढून घ्यावा व दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे जावे. गुरगुरल्याबद्दल मारू तर कधीच नये. मारल्याने भीती जात नाही, फक्त सूचना बंद होते, आणि पुढच्या वेळी कुत्रे न सांगता चावते. एखाद्याच जागी हात लावू देत नसेल तर तिथे दुखत असेल. अशा वेळी आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवावे.

बिजली उठून गेली तर मी तिला बोलावीत नसे. तात्या चिडत. परंतु आपण निघून जाऊ शकतो हे पटल्यावरच ती थांबू लागली. तिसऱ्या महिन्यात ती आपण होऊन माझ्या तळहातावर हनुवटी टेकू लागली. मग आई, शेजारचे आजोबा, चष्मेवाले गुरुजी, टोपीवाले पाहुणे, अशी एकेक माणसे वाढवली. प्रत्येक नव्या माणसाबरोबर पुन्हा पहिल्या पायरीपासून.

पुढच्या प्रदर्शनात बिजलीचा नंबर आला नाही. दुसऱ्या कुत्र्यांची चाल सरस होती. परीक्षकांनी ओठ उचलला तेव्हा तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती उभी राहिली. तात्या गावभर सांगत होते, "दात बघू दिले!" देऊन टाकण्याची भाषा पुन्हा निघाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या पंजात बाभळीचा काटा मोडला. पूर्वी असे झाले की तोंड बांधून चौघांनी धरावे लागे. या वेळी वडील एकटेच तिच्यापुढे बसले, हात पुढे करून थांबले आणि तिने पाय दिला. काटा निघाला. वडिलांना सही करता येत नाही, पीटरची हकीकत त्यांनी ऐकलेली नाही. पण त्या दिवशी जेवताना ते मला म्हणाले, "कॉलेजात हेबी शिकवत्यात व्हय?"