भांड्यात कॉफी आहे का?

जगातला पहिला वेबकॅम उभ्या आयुष्यात एकाच गोष्टीकडे बघत राहिला : कॉफीच्या काचेच्या भांड्याकडे. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीत ‘ट्रोजन रूम’ नावाची एक खोली होती. तिच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये, कॉफीचं यंत्र ठेवलेलं असे. 1991 साली त्याच्यावर कॅमेरा रोखला गेला आणि 22 ऑगस्ट 2001 रोजी तो बंद झाला. बंद होण्याची बातमी लंडनच्या ‘टाइम्स’ने दिली, अमेरिकेत ‘वॉशिंग्टन पोस्ट’नेही दिली.

इंटरनेटच्या इतिहासातला एक गमतीदार किस्सा म्हणून या भांड्याची गोष्ट चार ओळींत सांगून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला मात्र ती नीट, सावकाश सांगावीशी वाटते. आज घरातला पंखा, दिवा, फ्रिज सगळं ‘स्मार्ट’ करून विकलं जातं आणि त्यातलं निम्मं कशासाठी हवं होतं हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. केंब्रिजच्या त्या पॅसेजमध्ये आधी गरज होती, मग यंत्र आलं.

ही प्रयोगशाळा साधीसुधी नव्हे. 1949 च्या मे महिन्यात मॉरिस विल्क्स यांच्या चमूने ‘एडसॅक’ हा संगणक पहिल्यांदा चालवला तो याच संस्थेत. तेव्हा तिचं नाव मॅथेमॅटिकल लॅबोरेटरी होतं. 1991 मध्ये ट्रोजन रूममधली मंडळी एटीएम या नेटवर्क तंत्रावर काम करत होती. (पैसे काढायच्या एटीएमशी याचा काही संबंध नाही, आवाज, चित्र, मजकूर सगळं बारीक तुकड्यांत भरधाव पाठवायची ती एक पद्धत होती.) दिवसरात्र काम चाले आणि ते कॉफीवर चाले. पण कॉफीचं यंत्र सगळ्यांत मिळून एकच. कॉफी क्लबचे काही सभासद इमारतीच्या दुसऱ्या भागांत, वेगळ्या मजल्यांवर बसायचे. काम बाजूला ठेवायचं, कप घ्यायचा, जिने चढायचे-उतरायचे, आणि भांड्यापाशी पोचावं तर तळाशी काळा घोटभर गाळ. रात्रभर जागलेल्या ट्रोजन रूमवाल्यांनी आधीच भांडं उपसलेलं असायचं. हेलपाटा फुकट.

या हेलपाट्यावर दोघांनी उपाय काढला : क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की. नवं काही विकत घ्यावं लागलं नाही, कारण सामान हाताशीच होतं. रसायनशाळेत चंचुपात्र धरायला असतो तसल्या लोखंडी स्टँडला त्यांनी कॅमेरा बांधला आणि त्याचं तोंड भांड्याकडे केलं. वायर फरशीखालून ट्रोजन रूममध्ये नेली. तिथल्या मांडणीवर एकॉर्न आर्किमिडीज जातीचा एक संगणक होता. व्हिडिओतून एकेक स्थिरचित्र उचलणारं कार्ड त्याला जोडलेलं होतं. चित्र पकडून मागेल त्याला देणारा प्रोग्रॅम जार्डेट्स्कींनी लिहिला. ते चित्र मागवून पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारा प्रोग्रॅम स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं ‘एक्सकॉफी’. सगळं मिळून काम दिवसभराचं. ना प्रस्ताव, ना अनुदान, ना बैठक.

आर्किमिडीज हा संगणक केंब्रिजच्याच एकॉर्न कंपनीचा. त्यातली एआरएम चिप याच कंपनीने घडवलेली होती. आज तुमच्या-माझ्या खिशातल्या जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये त्याच घराण्याची चिप असते. म्हणजे ज्या फोनवरून आपण व्हिडिओ कॉल करतो, त्याच्या पूर्वजाने कॉफीवर पाळत ठेवण्याची नोकरी केलेली आहे.

चित्र कसं होतं? आडवे 128 ठिपके, उभे 128. एकूण 16,384. आजच्या साध्या मोबाइलचा फोटो कोट्यवधी ठिपक्यांचा असतो, हे लक्षात घेतलं की तो इवलासा चौकोन डोळ्यांपुढे येईल. रंग नाहीत, फक्त राखाडी छटा. चित्र मिनिटाला साधारण तीनदा बदलायचं. पण त्या कामाला एवढं भरपूर होतं. कॉफी थेंब थेंब गळत भरते; वीस सेकंदांत भांड्यात असा काय फरक पडणार? काचेतला काळा भाग कुठवर चढलाय एवढंच बघायचं होतं. काळा भाग वर असला तर उठायचं, खाली असला तर बसून राहायचं. गरजेपेक्षा एक ठिपकाही जास्त न मागणारं हे यंत्र मला फार आवडतं.

सुरुवातीची दोन-अडीच वर्षं हे चित्र फक्त इमारतीच्या आतल्या नेटवर्कवर दिसायचं. बाहेर बातमी गेली ती इथरनेटचे एक जनक बॉब मेटकाफ यांच्यामुळे. जानेवारी 1992 मध्ये त्यांनी ‘कम्युनिकेशन्स वीक’मध्ये या भांड्यावर लिहिलं. दरम्यान वेब मूळ धरत होतं. 1993 मध्ये ‘मोझॅक’ ब्राउझर आला आणि मजकुराच्या सोबतीने पानावर चित्र दिसू लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॅनियल गॉर्डन आणि मार्टिन जॉन्सन यांनी भांडं वेबवर आणलं. जॉन्सन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे त्यांचा पहिला प्रोग्रॅम जेमतेम बारा ओळींचा असेल : कुणी पान मागितलं की कॅमेऱ्याचं सगळ्यांत ताजं चित्र त्याच्या हवाली करायचं. आपल्याकडे व्हीएसएनएलने सामान्य ग्राहकाला इंटरनेट दिलं 15 ऑगस्ट 1995 रोजी. मुंबईत मोडेमची घरघर सुरू झाली तेव्हा हे भांडं जगभर मिरवून पावणेदोन वर्षं होत आली होती.

आणि लोकांनी ते खरंच बघितलं. दहा-वीस जणांच्या सोयीसाठी लावलेला कॅमेरा वीस लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला. जपानमधून पत्र आलं : तुमच्याकडे रात्र असते तेव्हा आमच्याकडे दिवस असतो आणि भांडं अंधारात दिसत नाही, तर रात्री तिथे एक दिवा ठेवाल का? अमेरिकेतून आलेले पर्यटक केंब्रिजच्या पर्यटन कार्यालयात जाऊन, कॉफीच्या भांड्याकडे कसं जायचं, असं विचारू लागले. राजघराण्यांनी बांधलेली चॅपलं, न्यूटनचं कॉलेज हाकेच्या अंतरावर असताना!

का बघत असतील लोक? त्या चित्रात घडत काहीच नव्हतं. पण तोवर पडद्यावर येणारं चित्र कुणीतरी आधी काढून, निवडून ठेवलेलं असे. इथे मात्र हजारो मैलांवरच्या पॅसेजमध्ये *आत्ता* काय आहे ते दिसत होतं, आणि ते कुणी आपल्यासाठी सजवलेलं नव्हतं. शिर्डीचं किंवा सिद्धिविनायकाचं थेट दर्शन मोबाइलवर उघडणाऱ्या भाविकाला ही ओढ समजावून सांगायची गरज नाही. त्याचं कारण श्रद्धेचं आहे, भांडं बघणाऱ्यांचं कुतूहलाचं होतं. पण ‘या क्षणी तिथे’ असण्याची हौस दोघांचीही तीच.

न्यायाने सांगायचं तर दुरून पेयाची चौकशी करण्याचा पहिला मान केंब्रिजचा नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1982 च्या सुमाराला विद्यार्थ्यांनी कोकाकोलाचं यंत्र संगणकाला जोडलं होतं. बाटली बाहेर पडली की यंत्रावरचा लाल दिवा काही सेकंद लुकलुकायचा आणि रकाना रिकामा झाला की पेटलेलाच राहायचा. मुलांनी त्या दिव्यांवर संगणकाची नजर बसवली. नवी बाटली भरून तीन तास झाले की ती गार झाली असं धरायचं, आणि मग कुठल्या रकान्यात गार बाटली आहे ते आपल्या टेबलावरून विचारता यायचं. तीन तासांचा हा हिशेब मला केंब्रिजच्या कॅमेऱ्याइतकाच हुशारीचा वाटतो, कारण त्यात थर्मामीटरही लागला नाही.

कॉफी आणि नेटवर्क यांच्या या नात्याची पुढे थट्टाही झाली. 1 एप्रिल 1998 रोजी लॅरी मॅसिन्टर या संगणकतज्ज्ञांनी इंटरनेटच्या अधिकृत नियमपत्रकांच्या मालिकेत कॉफीची यंत्रं नेटवरून चालवण्याचे नियम छापून घेतले. एप्रिल फूल होतं ते. चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं तर तिने ‘418’ हा क्रमांक देऊन ‘मी किटली आहे’ असं उत्तर द्यावं, असा त्यात नियम आहे. हा 418 आजही गो, नोड यांसारख्या प्रोग्रॅमिंगच्या गंभीर साधनांत सापडतो.

या भांड्याविषयी बोलताना एक गोष्ट राहून जाते आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. तो कॅमेरा भांड्याकडे बघत होता, माणसांकडे नाही. कोण किती कॉफी प्यायलं, कोण किती वेळा जागेवरून उठलं याची नोंद त्याने ठेवली नाही. ज्यांनी तो लावला आणि ज्यांच्यासाठी तो लागला ते एकाच इमारतीतले लोक होते. आज सोसायटीच्या जिन्यापासून ऑफिसच्या पँट्रीपर्यंत जे कॅमेरे बसतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याने, दुसऱ्यासाठी, आपल्यावर रोखलेले असतात. तंत्र तेच, नातं पार उलटं.

2001 मध्ये प्रयोगशाळा शहराच्या पश्चिमेकडच्या नव्या इमारतीत जायला निघाली आणि कॅमेरा बंद करायचं ठरलं. गॉर्डन, जॉन्सन आणि स्टॅफर्ड-फ्रेझर यांनी मिळून बटण दाबलं. कॅमेऱ्याने टिपलेल्या शेवटच्या चित्रात बटणावर टेकलेली बोटं आहेत. दहा वर्षांत बरीच यंत्रं खराब होऊन बदलली गेली होती. शेवटचं क्रुप्स कंपनीचं यंत्र ईबेवर लिलावाला निघालं. जर्मनीच्या ‘श्पीगेल ऑनलाइन’ने ते 3,350 पौंडांना घेतलं. क्रुप्सने ते एक पैसाही न घेता दुरुस्त करून दिलं आणि पुढे श्पीगेलच्या कचेरीत त्यावर पुन्हा कॉफी झाली.

2015 पासून हे यंत्र जर्मनीतल्या पाडरबॉर्न इथल्या हाइन्त्स निक्सडॉर्फ म्युझियम्सफोरम या संगणक-संग्रहालयात आहे. शिक्षण-नोकरीसाठी जर्मनीत असलेली मराठी मंडळी आता थोडीथोडकी नाहीत. पाडरबॉर्नच्या बाजूला जाणं झालं, तर मुलांना घेऊन हे यंत्र जरूर बघून या, आणि कॉफीवर नजर ठेवणारा तो कॅमेरा एका दिवसात, घरच्याच सामानातून, शेजाऱ्यांचा हेलपाटा वाचवायला जोडला होता हे त्यांना तिथेच सांगा.