हट्टी हरळी

मुंबईत हिरवळ लावायची, तर गवताला आधीच विचारून घ्यावं, "बाई गं, तुला बुडून राहता येतं का? आणि तहानलेलं?" इथे चार महिन्यांत 2,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. शिवडीत तर खाडीचा खारा वाराही आला!

या साऱ्याला पुरून उरणारं गवत तुमच्या ओळखीचं आहे. गणपतीत दादरच्या फूलबाजारात त्याच्या जुड्या मिळतात. दूर्वा! शेतकरी तिला हरळी म्हणतात, तेही नाक मुरडून, कारण शेतात शिरली की निघता निघत नाही.

तिची खरी करामत पानात आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती पानातल्या आतल्या पेशींमध्ये नेऊन दाटीवाटीने भरते, अगदी सकाळच्या हार्बर लोकलसारखा! त्यामुळे कडक उन्हात थोड्या पाण्यावरही तिचं अन्न तयार होतं. ज्वारी, मका, ऊसही हेच करतात. गहू आणि भाताला मात्र हे जमत नाही.

अमेरिकेत हिला बर्म्युडा ग्रास म्हणतात. तिथल्या मधल्या पट्ट्यात उन्हाळा कडक आणि हिवाळाही कडक. हरळी लावली तर ती थंडीत तपकिरी पडते आणि थंडीचं गवत लावलं तर ते उन्हाळ्यात सुकतं. बिचारे बागवाले! आपल्याकडे थंडी ती केवढी, म्हणून हरळी खूश.

तिचं वावडं एकच, सावली. दोन चाळींच्या मधल्या अंधाऱ्या पट्टीत ती रुसते. तिथे रुंद पानांचं कार्पेट ग्रास बरं. नर्सरीत मऊमऊ मेक्सिकन गवतही मिळतं, पण ते फार हळू पसरतं. मुलांनी क्रिकेट खेळायचं असेल, तर माझं मत हरळीलाच.

निगा सोपी आहे. एका वेळी पात्याचा तिसरा भागच कापा. वाढीची जागा बुडाशी असते, म्हणून शेंडा गेला तरी पातं पुन्हा वाढतं. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर पाणी द्या, म्हणजे मुळं खोल जातात.

आता एक प्रयोग. जूनमध्ये हरळीची जमिनीवर सरपटणारी काडी आणा. दोन-तीन पेरं असलेले तिचे दोन तुकडे करा आणि दोन कुंड्यांत लावा. एक कुंडी उन्हात ठेवा, दुसरी जिन्याखाली. गणपती येईपर्यंत दर रविवारी दोन्हींची लांबी पट्टीने मोजा आणि वहीत लिहा.