स्मायलीची पाटी पुरेशी नाही

वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोली जिल्ह्याच्या पिकाची ओळख त्यामुळे पक्की झाली. पण किराणा दुकानातली सुटी हळद पूड शुद्ध आहे, याची हमी त्यातून मिळत नाही. ती तपासणीतूनच मिळू शकते. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची स्वच्छता मानांकन योजना 1 ते 5 स्मायलींची पाटी देते, मात्र तिचा भर मुख्यतः उपाहारगृहे, मिठाईची दुकाने, बेकऱ्या यांवर आहे. किराण्याच्या दारावरही अशी पाटी हवी, कारण उंदरांचा वावर आणि उघडी पोती हेही आजारांचे मूळ असते. पण स्मायली मोजतात ती दिसणारी स्वच्छता. पिवळेपणासाठी मिसळलेले लेड क्रोमेट दिसत नाही, आणि त्यातले शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते.

छोट्या दुकानदाराला हा जाच होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे, कारण भेसळ बहुधा त्याच्या गल्ल्यावर होत नाही, माल येतो तिथेच होते. म्हणून नमुने आधी घाऊक बाजारातून आणि दळण केंद्रांतून घ्यावेत. बांगलादेशात 2019 मध्ये बाजारातल्या 47 टक्के हळद नमुन्यांत शिसे सापडले होते. दंड, जनजागृती आणि जागेवरच्या तपासणीमुळे 2021 पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. हिंगोलीतही पाटीला प्रयोगशाळेच्या अहवालाची जोड मिळाली, तर प्रामाणिक दुकानदाराचाच फायदा होईल.