बऱ्हाणपूर : ताजमहालाच्या आधीची कबर

प्रेमाची निशाणी म्हटली की ताजमहाल डोळ्यांपुढे येतो. पण मुमताज महलने अखेरचा श्वास घेतला तो आग्र्यात नव्हे, आपल्या वऱ्हाडाला लागून असलेल्या बऱ्हाणपुरात. म्हणून सुट्टीत आम्ही भातकुलीहून निघालो. अमरावती, परतवाडा, मग मेळघाटातून हरिसाल, धारणी आणि पुढे बऱ्हाणपूर.

तापीच्या काठावर शाही किल्ला आहे. महाल आता पडके. भिंती उरल्या आहेत, कमानी उघड्या पडल्या आहेत. हमाम मात्र शाबूत असून त्याच्या छतावरील वेलबुट्टीचे रंग अजून दिसतात. दख्खनच्या मोहिमेसाठी शाहजहान इथे मुक्कामाला होता. 1612 मध्ये निकाह झाल्यापासून अर्जुमंद बानू, म्हणजेच मुमताज, प्रवासातही त्याच्यासोबत असे. 17 जून 1631 रोजी (17 जिल्काद 1040) चौदाव्या बाळंतपणात तिचा इंतकाल झाला. वय अवघे अडतीस. मुलगी गौहर आरा वाचली.

नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत, आहूखान्यात, तिला दफन केले गेले. आहूखाना म्हणजे हरणांची शाही बाग. त्याच वर्षी डिसेंबरात शहजादा शुजाच्या सोबतीने मय्यत आग्र्याला नेण्यात आली. मागे राहिली ती पडकी इमारत आणि गवत. ताज पाहायला जग लोटते, इथे मात्र आम्ही पोहोचलो तेव्हा शुकशुकाट होता. आम्ही फातिहा पढली.

या कहाणीत इश्क आहेच. पण एकोणीस वर्षांत चौदा बाळंतपणे हेही तिच्यातच आहे. हिंदुस्थानच्या बादशहाकडे हकीम होते, दाया होत्या, खजिना होता. तरी बेगम वाचली नाही. ज्या मेळघाटातून आम्ही आलो, तिथे आजही दवाखाना गाठेपर्यंत बाळंतिणीचा जीव टांगणीला लागतो. बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीला आपल्या दीनने शहीदाचा दर्जा दिला आहे. पण तिला जगवणे हे आपले काम. दोन मुलांत पुरेसे अंतर, वेळेवर तपासणी, अंगात रक्त कमी असेल तर औषध आणि दवाखान्यातच बाळंतपण, एवढे तर आज आपल्या हातात आहे.

बऱ्हाणपूरला अवश्य जा. फारुकी सुलतानांची जामा मशीदही पाहा. तिथे अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. आणि आहूखान्यात थोडा वेळ बसा. संगमरवर बायको गेल्यावर बांधला जातो. कदर मात्र ती असतानाच करायची असते.