धबधबा आणि हत्ती : कोचीहून एका दिवसाची सहल

कोची हे बंदराचे शहर. जहाजे, मसाल्याच्या वखारी, चिनी जाळी आणि खाड्यांचे संथ पाणी पाहून झाले, म्हणजे तेथे आलेल्या प्रवाशास डोंगराची ओढ लागते. पहाटे निघून रात्रीपर्यंत परत येता येईल अशी एक सहल त्याच्यासाठी तयारच असते : सकाळी कोडनाडचे हत्ती आणि दुपारी अतिरप्पिळ्ळीचा धबधबा. वरवर पाहता ही स्थळे अगदी निराळी. हत्ती पेरियारच्या काठी, तर धबधबा चालकुडी नदीवर. परंतु दोहोंच्या मागे सह्याद्रीचे अरण्य उभे आहे, आणि त्या अरण्याचे पुढे काय व्हावे हा प्रश्न दोन्ही ठिकाणी सारखाच विचारला गेला आहे.

कोडनाड हे कोचीपासून सुमारे ४० ते ४५ किलोमीटरवर आहे. रानटी हत्तींना माणसाळविण्याचे ठिकाण म्हणून त्याची जुनी ख्याती. हत्तींच्या नेहमीच्या वाटेवर खोल खड्डा खणावयाचा, वर फांद्या व पालापाचोळा पसरावयाचा, आणि हत्ती आत पडला म्हणजे माणसाळलेल्या हत्तींच्या साहाय्याने त्यास बाहेर काढावयाचे, अशी ही रीत होती. या खड्ड्यास मल्याळी भाषेत 'वारिक्कुळी' म्हणतात. मग त्या प्राण्याची रवानगी जाडजूड ओंडक्यांच्या पिंजऱ्यात होई, आणि भूक, धाक व गोंजारणे या तिहींच्या बळावर माहूत त्यास आज्ञा शिकवीत. देवळांचे उत्सव आणि जंगलातील लाकूड ओढण्याचे काम, या दोहोंसाठी हत्तींना मोठी मागणी असे.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७७ साली हत्तीस त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. खड्ड्यांचे दिवस संपले. आता कोडनाडचे हत्ती जवळच कप्रिक्काड येथे वनखात्याच्या 'अभयारण्यम्' नावाच्या केंद्रात असतात. आईपासून ताटातूट झालेली वा जखमी अवस्थेत सापडलेली पिले येथे आणून वाढविली जातात. हत्तिणीचा गर्भकाल १८ ते २२ महिन्यांचा, आणि पिलू दोन वर्षे व अधिकही आईच्या दुधावर असते. तेव्हा पोरक्या पिलाचे संगोपन किती कठीण, हे सांगावयास नको.

तथापि पिंजऱ्याचा प्रश्न पुरता मिटलेला नाही. २०२३ साली इडुक्की जिल्ह्यात 'अरिकोंबन' नावाचा एक रानटी हत्ती घरे व दुकाने फोडून तांदूळ खाऊ लागला. त्यास पकडून कोंडावे, म्हणून कोडनाडास पिंजरा उभारण्यात आला. प्रकरण केरळच्या उच्च न्यायालयापुढे गेले. न्यायालयाने कोंडण्यास संमती दिली नाही, आणि एप्रिलच्या अखेरीस त्यास पेरियार व्याघ्र प्रकल्पाच्या रानात नेऊन सोडण्यात आले. ज्यांची घरे मोडली त्यांचा संताप खोटा नव्हता, आणि जेथे वस्ती वाढली ते पूर्वी हत्तीचे रान होते, हेही खोटे नव्हते.

कोडनाडहून शंकराचार्यांचे जन्मस्थान कालडी वाटेत घेऊन प्रवासी दुपारपर्यंत अतिरप्पिळ्ळीस पोहोचतो. येथे चालकुडी नदी सुमारे ८० फूट उंचीच्या कड्यावरून खाली झेपावते. पावसाळ्यात तिच्या निरनिराळ्या धारा एक होऊन सारा कडा झाकून टाकतात, आणि तुषारांनी समोरची झाडी ओलीचिंब होते. पाऊस नुकताच सरला असता जाणे उत्तम. वर पाच किलोमीटरवर वाळच्चाल येथे नदी खडकांच्या उतारावरून घसरत येते. या काठच्या उंच वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. मादी स्वतःस आत कोंडून घेते, आणि ढोलीच्या तोंडाशी ठेवलेल्या फटीतून नर तिला व पिलांना भरवितो. केरळात आढळणाऱ्या धनेशाच्या चारही जाती या एका रानात आहेत. पूर्वी त्याची पिले काढून नेणारे येथील काडर आदिवासी आज त्याच्या घरट्यांची राखण करतात.

ही नदी आनमलै पर्वतात उगम पावते. 'आन' म्हणजे हत्ती. वरच्या अंगास 'आनक्कयम्' नावाचे स्थळ आहे. त्याचाही अर्थ हत्तींचा डोह. नावांवरूनच दिसते की पाणी आणि हत्ती येथे वेगळे काढता येत नाहीत. परंतु हे पाणीही आता सर्वस्वी मोकळे नाही. वरच्या बाजूस पेरिंगलकुत्तू येथील वीजकेंद्र १९५७ साली सुरू झाले. उन्हाळ्यात धबधब्याला किती पाणी असावे, हे पुष्कळ अंशी तेथून सुटणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते.

त्यापुढे आणखी एक योजना आली : धबधब्याच्या वर २३ मीटर उंचीचे धरण बांधून १६३ मेगावॉट वीज निर्माण करावी. राज्याला विजेची गरज होती, आणि ही मागणी अवाजवी म्हणता येत नव्हती. परंतु धरणाने धबधब्याचे पाणी आटले असते, काठचे रान बुडाले असते, काडरांच्या वस्त्या उठल्या असत्या आणि हत्तींच्या येण्याजाण्याची वाट तुटली असती. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात या योजनेस मंजुरी देऊ नये असे मत दिले. ते धरण झालेले नाही.

संध्याकाळी प्रवासी कोचीस परततो तेव्हा खाडीकाठी दिवे लागलेले असतात. या दिव्यांना वीज लागते, आणि केरळची पुष्कळशी वीज डोंगरातल्या नद्याच देतात. सकाळी पाहिलेले पोरके पिलू आणि दुपारी अंगावर घेतलेले तुषार यांची आठवण त्या वेळी ताजी असते. नदीचा किती भाग माणसाने घ्यावा आणि किती रानासाठी सोडावा, या हिशेबात तो दिवाही एक बाजू धरून उभा आहे, हे घरी दिवा लावणाऱ्या प्रत्येकाने जाणले पाहिजे.